रुख्माबाईच्या दारचा डहाळा

सत्तावन्नच्या जून महिन्यात माझा लेक सुगत तीन महिन्यांचा होता आणि वजनानं सहा पौंडांचाही नव्हता. सातव्या महिन्यातच जन्मला. जन्मला तेव्हा सुईणीनं त्याला कापसात गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच हात धुवायला गेली, त्यावरून मी काय समजायचं ते समजले. पण पोरगं चिवट निघालं. फक्त छातीचं कच्चं. दूध ओढताना मध्येच थांबायचं, दम खायचं, मग पुन्हा ओढायचं. दोन तोळे दूध प्यायला त्याला अर्धा तास लागायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि म्हणाले, याला सर्दी-खोकला होऊ देऊ नका, झाला तर माझ्या हातात काही नाही. सांगायला काय जातं.

नेमका त्याच महिन्यात तो नवा ताप आला. मद्रासला जहाजातून उतरला म्हणे, आणि महिनाभरात आमच्या छोट्या लाईनच्या गाडीत बसून गोंदियावरून बालाघाटलाही पोचला. दवाखान्यात त्याला फ्लू म्हणत. घरोघरी माणसं आडवी झाली. धडधाकट माणूस आठ दिवसांत उठून बसे. म्हातारी माणसं आणि कच्ची पोरं मात्र उठतीलच असं नव्हतं.

मी सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होते. माझा नवरा वसंता रेल्वेत गँगमन. दोन पगारांशिवाय आमचं भागत नव्हतं, त्याचं रडगाणं इथे गात नाही. वॉर्डात खाटा वीस आणि बाया चाळीस. पाच आयांपैकी दोघी स्वतःच तापानं पडलेल्या. मी रजेचं नाव काढलं तर सिस्टर म्हणाली, "अंजना, छुट्टी की बात मत कर. तू घर बैठेगी तो बेडपॅन क्या मैं उठाऊँ?" तिचंही खोटं नव्हतं. तीही तीन दिवस त्याच साडीत होती.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की पोर ठेवायचं कोणापाशी. माझी माय रामपायलीला, पण तिच्या घरात अकरा माणसं आणि त्यातली चार खोकणारी. शेजारच्या कमलानं नऊ दिवस सांभाळलं. दहाव्या दिवशी तिची स्वतःची दोन पोरं तापली, आणि मी न विचारताच सुगतला उचलून आणलं. आणखी दोघींच्या दारात जाऊन आले. एकीच्या घरातून खोकल्याचा आवाज आला आणि मी दाराला हात न लावताच परतले. दुसरीनं माझ्या दवाखान्याच्या साडीकडे पाहिलं आणि आत निघून गेली. शहाणी होती.

मग आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या. वसंता पहाटे गँगवर जाई, दोनला परते. माझी ड्युटी दोनला सुरू. तो दारात आला की मी निघायची. चुलीपाशी जेवण झाकलेलं आणि पोर झोळीत. आठवडाभर आम्ही एकमेकांचं तोंड उंबरठ्यावरच पाहिलं. त्यातच एक दिवस पुलाजवळ रूळ बदलायचं काम निघालं आणि वसंता वेळेवर आला नाही. मी सव्वादोनपर्यंत वाट पाहिली. पोराला पाजलं, झोळीत टाकलं, बाहेरून कडी लावली आणि पळत सुटले. वसंता चारला आला.

रात्री मी परतले तेव्हा त्यानं सांगितलं. पोराच्या तोंडाच्या कोपऱ्यात दूध सुकलं होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्या दिवशी आम्ही भांडलोसुद्धा नाही. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं.

भाकरी तशीच पुढ्यात ठेवून मी म्हणाले, "रुख्माबाईले विचार."

वसंता झोळीला झोका देऊ लागला.

रुख्माबाई नात्यानं त्याची मोठी माय, चुलत्याची विधवा. आमच्या मोहल्ल्याची ती मातावाली होती. देवीच्या रोगाला आमच्याकडे माता आली म्हणतात. कोणाच्या घरी माता आली की रुख्माबाईला बोलावणं जायचं. ती त्या घरात जाऊन राहायची, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायची, रोग्यापाशी बसायची, आणि एकवीस दिवस त्या घरावर तिचंच राज्य असायचं. लहानपणी तिला स्वतःला माता येऊन गेली होती, तोंडावर व्रण होते, म्हणून तिला भीती नव्हती.

मग छप्पन्नच्या ऑक्टोबरात अख्खा मोहल्ला नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. त्या दीक्षेचा मला अभिमान होता, आजही आहे. ताठ मानेनं चालायला आम्ही त्या दिवसापासून शिकलो. पण परत आल्यावर पोरांनी मोहल्ल्याची समिती स्थापली, घराघरातले देव काढले, आणि झाडाखालची मातेची शेंदराची शिळाही उपटून वैनगंगेत नेऊन टाकली. शिळेला चौघांचे हात होते. त्यात एक वसंताचा. रुख्माबाई नागपूरला गेली नव्हती. ती भांडलीही नाही. अर्ध्या उघड्या दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. तिला कोणी त्रास दिला नाही, हेही खरं. ती, तिची बकरी आणि तिचं ते दार.

"कोनत्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?" वसंता म्हणाला.

"ज्या तोंडानं मले मुंग्याचं सांगितलं, त्याच तोंडानं."

दुसऱ्या दिवशी वसंतानं खाडा केला आणि सकाळी आम्ही गेलो. मी पोराला घेऊन पुढे, वसंता आवाराच्या काठ्यांपाशीच थबकलेला. रुख्माबाई बकरीसमोर पाला टाकत होती.

"काय गा वसंता, वाट चुकला काय?"

मीच सगळं सांगितलं. मुंग्यांचंही सांगितलं. ती ऐकत राहिली, मग दुरूनच वाकून पोराकडे पाहिलं.

"दूध वढते का?"

"थोडं थोडं. मधातच दम लागते."

"ताप?"

"नाई आजून."

ती हात झटकून उभी राहिली. "ठेवीन. पन माह्या घरात, माह्या रीतीनं. माता आल्यावर असते तशी. एकवीस दिवस कोनी आत येनार नाई, मी बाहेर जानार नाई. पानी-पीठ उंबरठ्यापाशी ठेवाचं अन दहा पावलं मागं सरकाचं. अन तू वं, तू तं बिलकुल नाई. साऱ्या गावचा ताप तुह्या पदराले चिकटून हाय."

"अन दूध?"

"हात धुवून वाटीत काढून आन. मी बोळ्यानं पाजीन. कमी पडलं तं बकरी हाय." मग वसंताकडे वळून म्हणाली, "दाराले डहाळा लागन."

वसंता पहिल्यांदा बोलला. "डहाळा नाई, मोठी माय. मी समितीचा सेक्रेटरी हाय. मी लाल झेंडी लावतो. रेल्वेची. पाहून समजन सर्वाइले."

रुख्माबाई हसली. तिचे दोनच दात उरले होते. "झेंडी पाहून गाडी थांबते, बाप्पा. बाया थांबत नाईत. कोनी चुलीले इस्तू मागाले येईन, कोनी मीठ मागाले येईन, कोनी नुसतं लेकराले पाहाले येईन. पाटी लाव म्हनशीन, तं वाचन कोन?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "माता आली नाई, हे मले समजते. मी पागल नाई. पन लोकाइले थांबवाची मले ही एकच रीत मालूम हाय. खोट्या डहाळ्याचं पाप लागलं तं मले लागन. तुमाले तं आता पाप लागत नाई म्हनते."

वसंतानं लिंबाचा एक डहाळा मोडून आणला. दाराला त्यानंच बांधला.

मी पोर तिच्या हातात दिलं. तिनं आधी त्याचं लुगड्याचं फडकं सोडून माझ्याकडे फेकलं, "धुवून टाक," म्हणाली, आणि उघडंच पोर पदरात घेऊन आत गेली. मी पाठमोरी तिला पाहिली. मला रडू आलं नाही. एवढी झोप येत होती की तिथेच, बकरीशेजारी आडवं व्हावंसं वाटलं.

तेव्हापासून ड्युटीला जाण्याआधी आणि ड्युटीवरून आल्यावर मी वाटी घेऊन तिच्या दारात जायची. कोपरापर्यंत हात धुतलेले, वाटी उकळलेली. उंबरठ्यापाशी ठेवायची, दहा पावलं मागे यायची. दार उघडे, एक वाळकं मनगट बाहेर येई, वाटी आत जाई. आत सुगत रडला की इकडे माझी चोळी भिजायची. दहा पावलांवर उभं राहून भिजलेली चोळी पदरानं झाकायची, हे आईपण.

तिच्या रीती ऐकून मी आधी नाक मुरडलं होतं. घरात फोडणी द्यायची नाही, धूर-ठसका नको. पायात वहाण नको, येताच पाय धुवायचे. रोग्याचं कापड वेगळं, भांडं वेगळं. मोठ्यानं बोलायचं नाही, गर्दी नाही. मग एक दिवस वॉर्डात सिस्टर एका बाईच्या सहा नातेवाइकांवर ओरडत होती, एकच थांबा, हात धुवा, भांडं वेगळं ठेवा, आणि मला एकदम कळलं की रुख्माबाई हेच चाळीस वर्षं करत आली होती. फक्त साबणाशिवाय.

पोर भरायला लागलं. ती त्याला धोंड्या म्हणायची. दुबळ्या पोराला असं नाव द्यावं म्हणजे त्याच्यावर कोणाचा डोळा जात नाही, ही तिची समजूत. वसंतानं पुस्तकात शोधून ठेवलेलं सुगत हे नाव तिनं एकदाही घेतलं नाही. कधी कधी दारातून त्याला वर धरून मला दाखवायची. "पाह्य, मानेत जोर आला." "पाह्य, आज हासला." हसला खरा. माझा लेक आयुष्यात पहिल्यांदा हसला तो तिच्याकडे बघून, आणि मी दहा पावलांवरून ते पाहिलं. मला आनंद झाला आणि तिचा रागही आला. दोन्ही खरं.

आठव्या सकाळी मी गेले तर दारासमोरची जमीन ओली होती. वाटलं, सडा टाकला असेल. नवव्या सकाळीही ओली. दहाव्या दिवशी मी जरा लवकर गेले, तर दाराशी कमला उभी. हातात तांब्या, पदर तोंडाला, आणि पदराआड खोकला. ती डहाळ्याखाली पाणी घालत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं आम्ही काय करून बसलो होतो ते. माता आलेल्या घरात कोणी पाऊल टाकत नाही, तेवढंच आम्हाला आठवलं होतं. पण माता थंड व्हावी म्हणून शेजारपाजारच्या बाया दारात येऊन पाणी घालतात, हे वसंताही विसरला होता आणि मीही. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, आठ महिन्यांत विसरलो. आणि रुख्माबाईला कोणी पाणी घालायला येईल असं वाटलंच नव्हतं. आठ महिने मातेच्या नावानं तिच्या दारात कुत्रं फिरकलं नव्हतं.

"कमला, मागं सरक," मी म्हणाले.

ती दचकली. "माह्ये दोनी लेकरं पुन्हा फनफनून राह्यले, अंजना. दवाखान्याच्या त्या लाल पान्यानं काई उतरत नाई. एक तांब्या घातला तं काय बिघडलं?"

"खोकून राह्यली तू. आत माहं लेकरू हाय."

"मले मालूम हाय तुह्या लेकरावर माता आली ते. त्याच्याचसाठी बी घातलं." ती मागे सरकली, पण तिचं तोंड पडलं. जाता जाता म्हणाली, "घरी आमच्या ह्याइले सांगू नोको."

'हे' म्हणजे तिचा नवरा दुलीचंद. विडी कारखान्यात मुंशी, समितीचा अध्यक्ष, शिळेला ज्या चौघांचे हात लागले त्यातला पहिला. मी कशाला सांगते. पण ती एकटी नव्हती. एकमेकींना चुकवून निम्मा मोहल्ला येत होता. संध्याकाळी वंदनेला बसणाऱ्या बाया सकाळी तांब्या घेऊन येत होत्या. मी त्यांना हसत नाही. ज्याचं पोर तापलं आहे त्याला हसणारी मी कोण?

दुलीचंदला दोन दिवसांत कळलं. त्यानं रात्री विहिरीजवळच्या पटांगणात बैठक बोलावली. माणूस वाईट नव्हता. त्याच्याच खटपटीनं मोहल्ल्यातल्या पोरी शाळेत जात होत्या. म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं.

"वसंता, आपन माय-बापाचे देव सोडले. काहून सोडले? ज्या देवाच्या देवळात आपल्याले पाय ठेवू दिला नाई, त्याच्यापुढं पुन्हा वाकाचं नाई म्हनून सोडले. अन तुह्या एका डहाळ्यानं सारा मोहल्ला पुन्हा पानी घालून राह्यला. मले एकच सांग. रुख्माबाईच्या घरी माता आली, का नाई आली? हौ का नाई?"

मी बायकांच्या मागे उभी होते. "नाही" म्हटलं तर डहाळा त्याच क्षणी उतरला असता, आणि दार सगळ्यांना मोकळं झालं असतं. फसवलं म्हणून चिडलेल्या बाया आधी तेच दार ठोकायला गेल्या असत्या. "हो" म्हटलं तर वसंता स्वतःच्या तोंडानं दीक्षा मोडणार. नागपूरहून परतताना गाडीत तो बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणत आला होता. एक चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "डहाळा मी बांधला. एकवीस दिवस निंगनार नाई. त्याच्याउपर मले काई इचारू नोका. समितीतून काढाचं असन तं काढा."

"असं नोको करू, वसंता. एक शब्द सांग."

"काढा म्हनलं ना."

काढलं. सांगताना दुलीचंदनं वसंताकडे पाहिलं नाही. समितीच्या खोलीची किल्ली वसंतानं तिथेच त्याच्या हातात दिली. मग रेल्वेच्या कामावरचा उरलेला चुना आणून त्यानं रुख्माबाईच्या घराभोवती, दारापासून दहा पावलांवर, पांढरी रेघ ओढली आणि जमलेल्यांना म्हणाला, "ज्याले पानी घालाचं हाय, त्यानं रेघेच्या भायेरून घालावं."

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो झोपला नव्हता हे मला कळत होतं. मी दिवा विझवला. आम्हाला सकाळी उठायचं होतं.

बहुतेक बायांनी रेघ पाळली. एखादी पाळत नव्हती. पोर जास्त तापलं की माणूस रेघ बघत नाही.

सतराव्या सकाळी मी वाटी घेऊन गेले तर उंबरठ्याबाहेर सूप ठेवलेलं. सुपात धुतलेलं फडकं, त्यावर सुगत. अंग पुसलेलं, डोळे टक्क उघडे. दार बंद. मी वाटी टाकून धावले, त्याला छातीशी धरलं, कपाळाला कपाळ लावलं. ताप नव्हता. सतरा दिवसांनी माझं पोर माझ्या हातात होतं आणि मला कशाचीच शुद्ध नव्हती. मग आतून खोकला ऐकू आला.

"मोठी माय?"

"घेतलं का?" तिचा आवाज घोगरा झाला होता. "काल दिवस बुडाला तवापासून अंग तापलं. त्याले दूर खाटेवर ठेवलं होतं. अंगावर खोकली नाई मी. जा घेऊन."

"दार उघड. मी पाहते तुले. मी दवाखान्यातली हाय, मोठी माय."

"कडी लावली हाय आतून. एकवीस दिवस कोनी आत येनार नाई, सांगतलं होतं ना? रेघेच्या पल्याड जा."

दाराची कडी जुनी होती. दोन धक्क्यांत निघाली असती. मी वॉर्डात चाळीस बायांची तोंडं पुसत होते, अनोळखी बायांची घाण काढत होते. इथे एक धक्का द्यायचा होता. पण धक्का द्यायला पोर खाली ठेवावं लागलं असतं, आणि आत गेल्यावर त्याला पुन्हा उचलता आलं नसतं. मी मागे फिरले. रेघेबाहेर जाऊन जमिनीवर बसले. त्याला पाजलं. आत ती खोकत होती, थांबत होती, पुन्हा खोकत होती. मधूनच मी ओरडून विचारायची, पाणी प्यालीस का? आधी "हौ" यायचं. दुपारकडे तेही येईना. ड्युटीची वेळ होऊन गेली. मी गेले नाही. आतही गेले नाही. नुसती बसून राहिले.

वसंता दोनला आला. मी काही सांगण्याआधीच त्यानं ओळखलं. दार ठोकलं, हाक मारली, मग मागच्या बाजूनं भिंतीवर चढला, छपराची कौलं काढली आणि आत उतरला. मला बाहेर सगळं ऐकू आलं. तो तिला उचलून खाटेवर ठेवत असावा. ती तापात होती, पण शब्द स्वच्छ होते.

"माह्या मायले नदीत टाकलं. आता मले टाकाले आला का गा?"

"पानी पे, मोठी माय," वसंता म्हणाला.

तो आठ दिवस तिथेच राहिला. घरी यायचं नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलं होतं. मी पेज करून उंबरठ्यापाशी ठेवायची आणि दहा पावलं मागे यायची. त्यानं तिला पाजलं, पुसलं, तिचं सगळं केलं. गँगवर त्याची गैरहजेरी लागत गेली. मला पाचव्या दिवशी दवाखान्यातून चिठ्ठी आली की सोमवारी आली नाहीस तर दुसरी बाई घेऊ. एक दिवस दुलीचंद आला. रेघेबाहेर उभा राहून त्यानं बराच वेळ डहाळ्याकडे पाहिलं, मग मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली आणि निघून गेला.

सुगतला ताप आला नाही. मी रोज सकाळी उठताच आधी त्याच्या कपाळाला हात लावायची, आणि रोज ते थंड असायचं.

रविवारी रुख्माबाई बाहेर आली. वसंतानं तिला धरून भिंतीशी उन्हात बसवलं. अर्धी झाली होती. गालावरचे व्रण आत ओढले गेले होते. सुगत माझ्या खांद्यावर होता. त्यानं तिला पाहिलं आणि अख्ख्या अंगानं तिच्याकडे झेप घेतली. हसला, ओरडला, दोन्ही हात झाडले. मला पाहून तो असा कधी हसला नव्हता.

"धोंड्या!" ती म्हणाली. तिनं हात पुढे केले. "आन वं त्याले इकडं." आणि तेवढ्यात तिला खोकला आला. मोठा नाही. एकच, बारीकसा.

मी एक पाऊल मागे गेले.

मी ठरवून केलं नाही. पाऊल आपोआप गेलं. पण गेलं ते तिच्या डोळ्यांसमोर. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढे केलेले हात हळूहळू पदराखाली घेतले.

"शिकली तू," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. वसंतानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"आजून आठ दिवस मले नोको देऊ," ती म्हणाली. "कोनालेच नोको देऊ. उद्या ड्युटीवर जाशीन?"

"नाई."

"अन नोकरी?"

"गेली तं गेली."

तिनं मान हलवली. सुगत माझ्या हातात उलटा होऊन तिच्याकडे जायला रडत होता, रडता रडता त्याला दम लागायला लागला होता. मी त्याला थोपटलं, खांद्यावर घेतलं, त्याचं तोंड फिरवलं, तो पुन्हा मान वळवून तिलाच शोधत होता. जिनं त्याला जगवलं तिच्यापासून मी त्याला ओढून धरलं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण पोर मी दिलं नाही.

रुख्माबाईनं थोडा वेळ त्याचं रडणं ऐकलं. मग भिंतीला धरून उठली, आणि ती दिसली नाही तर तो गप्प होईल म्हणून आत निघून गेली.